सॅनवरून बूट: चारही पाथ सांभाळायचे कसे?

रॅकवाली
नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या आमच्या डेटा सेंटरमध्ये नवे ब्लेड सर्व्हर आले आहेत. त्यांत लोकल डिस्क अजिबात नाही, ओएस सॅनवरूनच, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक स्टोरेजवरूनच, बूट व्हायला हवी. प्रत्येक ब्लेडला फायबर चॅनेलचे दोन पोर्ट आहेत, एक फॅब्रिक ए ला आणि दुसरा फॅब्रिक बी ला (स्विचची दोन वेगळी जाळी). स्टोरेजला दोन कंट्रोलर आहेत आणि प्रत्येक कंट्रोलर दोन्ही फॅब्रिकना जोडलेला आहे. म्हणजे एका बूट लनला (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा स्टोरेजचा भाग) चार पाथ. वर रेड हॅट ९ टाकायचं आहे.

डेटाच्या लनसाठी मल्टिपाथ (सगळ्या पाथ मिळून एकच डिस्क दाखवणारी सोय) मी नेहमी करते, पण रूटच (ओएसची मुख्य फाइल सिस्टिम) मल्टिपाथवर असणं हा वेगळा मामला वाटतो. इन्स्टॉल करताना एकच पाथ दाखवावा की चारही? एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती यादी) यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) लिहावा की मॅपरचं, म्हणजे मल्टिपाथ डिव्हाइसचं, नाव? आणि मुळात हे करावं का? ऑफिसात दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, ब्लेडमध्ये एम.टू च्या दोन छोट्या डिस्क मिरर करून बसवा आणि विषय संपवा.

अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. शनिवारी रात्रीची चेंज विंडो मिळाली आहे.

---

वायरमन
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लिनक्स असेल तर चारही दाखवा. रेड हॅट ५ च्या काळात इन्स्टॉलरला बूट प्रॉम्प्टवर 'लिनक्स एमपाथ' असं सांगावं लागायचं. ६ पासून इन्स्टॉलर स्वतःच ओळखतो. डिस्क निवडताना 'अ‍ॅड अ डिस्क'मध्ये जाऊन मल्टिपाथचा टॅब उघडा आणि तिथला लन निवडा. तिथे एसडीए, एसडीबी अशी चार वेगळी नावं दिसली तर पुढे जाऊ नका, आधी त्याचं कारण शोधा.

एकच पाथ दाखवायची रीत विंडोजची. तिथे एमपीआयओ (विंडोजचं मल्टिपाथ) चालू होईपर्यंत एकच पाथ ठेवतात, मग स्विचवरचे बाकीचे झोन (कोणाला कोण दिसेल ते ठरवणाऱ्या नोंदी) उघडतात. ती सवय बरेच जण लिनक्सवर आणतात. मग रूट थेट एसडीए वर बसतं आणि नंतर ते सोडवताना दमछाक होते.

किकस्टार्टने (स्वयंचलित इन्स्टॉलने) करणार असाल तर डिस्कचं नाव एमपाथए असं देऊ नका. बाय-आयडी खालचं 'डीएम-यूयूआयडी-एमपाथ'ने सुरू होणारं, पुढे डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा ओळख क्रमांक) असलेलं नाव द्या. ते बदलत नाही.

---

कृष्णाकाठ
वायरमन यांच्याशी सहमत, पण रॅकवालीताई, इन्स्टॉल हा यातला सोपा भाग आहे. खरी गोम त्याच्या आधीच्या काही सेकंदांत आहे.

मल्टिपाथ हे ओएसचं काम आहे. ते जागं होतं इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती छोटी फाइल सिस्टिम), म्हणजे कर्नल मेमरीत आल्यानंतर. त्याच्या आधी शिम आणि ग्रब हे बूटलोडर, कर्नल आणि इनिटरॅमएफएस या सगळ्या फाइली लनवरून वाचून आणतं कोण? फर्मवेअर. आणि फर्मवेअर एका वेळी एकाच पाथने वाचतं. यूईएफआय फर्मवेअरच्या बूट एंट्रीत स्टोरेजच्या एका पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख क्रमांक) आणि लनचा नंबर कोरलेला असतो. तो पोर्ट बंद असेल तर ती एंट्री निकामी. मागे तीन पाथ धडधडीत जिवंत असले तरी सर्व्हर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' म्हणून बसून राहतो.

हे लक्षात का येत नाही, तर चाचणी सगळे चालू सर्व्हरवर करतात. केबल काढली, मल्टिपाथ -एलएल मध्ये दोन पाथ 'फेल्ड' दिसले, आयओ चालू राहिलं, टाळ्या, साइन-ऑफ. ती केबल काढलेली असताना रीबूट कोणी करत नाही. मग वर्षभराने स्विचचं फर्मवेअर अपग्रेड निघतं, फॅब्रिक ए बंद, त्याच रात्री पॅचिंगचे रीबूट, आणि अर्धे सर्व्हर वर येत नाहीत.

त्यामुळे माझा आग्रह एकच. चारही पाथसाठी बूट एंट्री करा आणि प्रत्येक वेळी एकच पाथ जिवंत ठेवून कोल्ड बूट करून बघा. चार पाथ, चार बूट. हे केल्याशिवाय सर्व्हर प्रॉडक्शनला देऊ नका.

जुन्या बायॉस मोडमध्ये क्यूलॉजिक कार्डावर कंट्रोल-क्यू दाबून जो मेनू यायचा त्यात एक प्रायमरी आणि तीन पर्यायी बूट पोर्ट भरता यायचे. सिस्कोच्या यूसीएस ब्लेडवर बूट पॉलिसीत दोन व्हीएचबीए (आभासी फायबर चॅनेल कार्ड) आणि प्रत्येकाला प्रायमरी आणि सेकंडरी टार्गेट, म्हणजे चारच. सोय सगळीकडे असते, पहिली जागा भरून लोक पुढे जातात.

---

मी_ठाणेकर
वाखूसा (वाचनखूण साठवली)!

---

सदाफुली
कृष्णाकाठ, हा प्रतिसाद आमच्या संपूर्ण टीमला पाठवला. मध्य रेल्वे बंद पडल्यावर हार्बरने जाता येतं हे माहीत असून काय उपयोग, पास एकाच लाइनचा असेल तर!

---

जुनाजाणता
मी एम.टू च्या गटात. सॅनवरून बूट ही गरज होती तेव्हा होती. ब्लेडमधल्या फिरत्या डिस्क सारख्या मरायच्या, म्हणून लोकांनी ओएस सॅनवर नेली. आता एम.टू चे दोन एसएसडी छोट्या रेड (आरएआयडी) कार्डावर मिरर करून मिळतात. ओएस तिथे ठेवा, डेटा सॅनवर ठेवा. सॅन पूर्ण गेलं तरी सर्व्हरवर लॉग-इन करून लॉग तरी वाचता येतात. रूटच सॅनवर असेल तर ज्या क्षणी काय बिघडलंय ते बघायचं असतं त्याच क्षणी एलएस ही कमांडसुद्धा चालत नाही.

आणि शेकडो सर्व्हर एकाच स्टोरेजवरून बूट होत असतील तर वीज जाऊन आल्यावर सगळे एकदम त्या स्टोरेजवर तुटून पडतात. त्याचा हिशेब आधी मांडलाय का कोणी?

---

पाषाणकर
जुनाजाणता काका, लॉगचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण ब्लेडचा मदरबोर्ड जातो तेव्हाचं चित्र बघा. यूसीएससारख्या रचनेत डब्ल्यूडब्ल्यूपीएन हा ब्लेडचा नसतो, सर्व्हिस प्रोफाइलचा असतो. प्रोफाइल उचलायचं, दुसऱ्या रिकाम्या ब्लेडवर लावायचं, पॉवर ऑन. झोनिंग तेच, लन मास्किंग (कोणता लन कोणाला दाखवायचा ते) तेच, ओएस तीच. कार्ड काढून इकडून तिकडे लावायला रॅकपर्यंत जावं लागत नाही.

यूईएफआयच्या एंट्री काही रचनांत ब्लेडच्या एनव्हीरॅममध्ये (ब्लेडवरच्या कायम मेमरीत) असतात, त्या मात्र नव्या ब्लेडवर नसतील. अशा वेळी ईएफआय पार्टिशनमधल्या 'बूट' फोल्डरातली बूटएक्स६४ ही फाइल कामाला येते. फर्मवेअर एंट्री न सापडल्यास ती उचलतं आणि शिमचा फॉलबॅक प्रोग्रॅम नवी एंट्री बनवतो. ते फोल्डर 'नको असलेलं' समजून कोणी साफ करू नका.

---

एक्सडीबीए
दुसऱ्या प्रश्नाकडे. यूयूआयडी की मॅपर?

एलव्हीएम (लिनक्सचा व्हॉल्युम मॅनेजर) असेल तर रूटला व्हॉल्युम ग्रुपचं नाव येतं, प्रश्न उरतो बूट आणि ईएफआय पार्टिशनचा. चारही पाथवरून तोच यूयूआयडी दिसतो, हे ध्यानात घ्या. मल्टिपाथडी (मल्टिपाथ चालवणारी सेवा) वेळेत उठला तर यूयूआयडी मॅपरच्या डिव्हाइसकडे जातो. उशीर झाला तर सिस्टिमडी बिनदिक्कत एसडीसी२ माउंट करून मोकळा. मग तो पाथ 'बिझी', मल्टिपाथला तो घेता येत नाही, आणि वरवर सगळं छान चाललेलं. रीबूटनंतर फाइंडमाउंट चालवून बूट आणि ईएफआय खरोखर मॅपरवरच आहेत ना, हे डोळ्यांनी बघा.

मी स्वतः कॉन्फ फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीला 'रूटडिस्क' असा एलियास (टोपणनाव) देतो आणि तेच नाव वापरतो. रात्री तीनला आउटपुट वाचताना लांबलचक आकडे जुळवावे लागत नाहीत.

---

इंद्रायणी
एक्सडीबीए यांच्या मुद्द्याला जोडून, आणि कृष्णाकाठ यांच्या चार बूटच्या चाचणीत नेमकं हेच अडकतं म्हणून लिहिते.

रेड हॅटमध्ये एमपाथकॉन्फने मल्टिपाथ चालू केलं की 'फाइंड_मल्टिपाथ्स येस' अशी ओळ येते. त्याचा अर्थ: एकाच डब्ल्यूडब्ल्यूआयडीचे किमान दोन पाथ दिसले तरच मल्टिपाथ डिव्हाइस बनव, किंवा तो डब्ल्यूडब्ल्यूआयडी आधीच डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये नोंदलेला असेल तर एका पाथवरही बनव. आता एकच पाथ जिवंत ठेवून बूट केलं, आणि इनिटरॅमएफएसमध्ये ती फाइलच नाही किंवा जुनी आहे, तर? डिव्हाइस बनत नाही, रूट सापडत नाही, थेट ड्रॅकटचं (इनिटरॅमएफएस बांधणाऱ्या साधनाचं) इमर्जन्सी शेल.

म्हणून चालू सिस्टिमवरची फाइल बरोबर असणं पुरेसं नाही. बूटच्या वेळी वापरली जाते ती इनिटरॅमएफएसमधली प्रत. मल्टिपाथ.कॉन्फ, बाइंडिंग्ज (कुठल्या लनला कुठलं नाव ती फाइल), डब्ल्यूडब्ल्यूआयडीज यांपैकी कशालाही हात लावला की लगेच 'ड्रॅकट --फोर्स --अ‍ॅड मल्टिपाथ' चालवायचं आणि एलएसइनिटआरडीने आत काय गेलं ते तपासायचं. बाइंडिंग्जमध्ये फरक राहिला तर गंमत आणखी वाढते. बूटच्या वेळी रूटला एमपाथए म्हणतात आणि नंतरच्या फाइलमध्ये एमपाथए दुसराच कुठला लन असतो.

---

वायरमन
इंद्रायणी, +१. उबुंटू आणि डेबियनवाल्यांसाठी: तिथे 'मल्टिपाथ-टूल्स-बूट' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू. फक्त मल्टिपाथ-टूल्स टाकून थांबलात तर डेटाचे लन मल्टिपाथवर आणि रूट उघड्यावर.

---

रॅकवाली
बापरे, इतके सविस्तर प्रतिसाद! सगळं वहीत उतरवून घेतेय. एक उपप्रश्न. सगळेच पाथ गेले तर रूटसाठी काय ठेवायचं? नो_पाथ_रीट्राय मध्ये क्यू (पाथ येईपर्यंत थांबून राहा) की फेल (लगेच एरर द्या)?

---

एक्सडीबीए
क्लस्टर असेल तर फेल, किंवा किती वेळा पुन्हा बघायचं त्याचा मोजका आकडा. क्यू ठेवलं तर नोड मरतही नाही, जगतही नाही. नेटवर्कला पिंग देतो, काम काही करत नाही, आणि बाकीचे नोड त्याची वाट बघत राहतात.

---

कृष्णाकाठ
इथे माझं मत वेगळं आहे. रूट लनला फेल दिलं आणि दोन्ही फॅब्रिक थोड्या वेळासाठी जरी गेले, तर एक्सएफएस मेटाडेटा लिहिता न आल्याने फाइल सिस्टिमच बंद करतं. ईएक्सटी४ बहुतेक ठिकाणी रीड-ओन्ली होतं. फॅब्रिक परत आले तरी सर्व्हर हातचा गेलेला, रीबूटच करावा लागतो. क्यू असेल तर सगळं जागच्या जागी गोठतं आणि पाथ आल्यावर पुढे चालू लागतं. मल्टिपाथडी स्वतःला मेमरीत कुलूपबंद करून ठेवतो, त्यामुळे रूट गायब असतानाही तो पाथ तपासत राहतो.

क्लस्टरमध्ये गोठलेला नोड ही अडचण खरी, पण तिचं उत्तर फेन्सिंग आहे. बाहेरून, बीएमसीवरून (सर्व्हरमधल्या स्वतंत्र नियंत्रण चिपवरून) पॉवर कापणारं. डेटाच्या लनला मोजका आकडा, रूटच्या लनला क्यू, असं वेगवेगळं ठेवता येतं. आकडा दिला तर तो पोलिंगच्या अंतराने गुणा: अंतर ५ सेकंद आणि आकडा १२ म्हणजे साधारण ६० सेकंद वाट बघणार.

---

एक्सडीबीए
फेन्सिंग खात्रीचं असेल तर मान्य. नसलेल्या ठिकाणी मी माझ्या मतावर ठाम.

---

नाशिकचा_दगडू
अवांतर: चार पाथ, दोन फॅब्रिक, दोन कंट्रोलर, सगळं कागदावर झकास. पण दोन्ही फॅब्रिकच्या फायबर एकाच ट्रेमधून नेल्या असतील तर? आमच्या आवारात दोन इमारतींमधल्या दोन्ही लिंक एकाच चरातून गेल्या होत्या. जेसीबी आला आणि त्याने एकाच घासात दोन्ही खाल्ल्या.

---

सदाफुली
जेसीबीचा मल्टिपाथ सपोर्ट उत्तम आहे म्हणायचा!

---

मी_ठाणेकर
हाहाहा. रस्त्याकडेला पिवळं काही दिसलं की आमचे नेटवर्कवाले हात जोडतात.

---

लातूरकर_बोलतोय
आमच्याकडे फायबर चॅनेल नाही, बजेटही नाही. दहा गिगाबिटच्या इथरनेटवर आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून चालणारं सॅन) आहे. आमच्यासारख्यांनी काय करावं?

---

इंद्रायणी
लातूरकर, आयस्कझीवरूनही छान होतं. कार्डाच्या फर्मवेअरमध्ये टार्गेटचा पत्ता भरायचा. ते कर्नलला आयबीएफटी नावाच्या तक्त्यातून माहिती देतं. त्यात दोन एनआयसी (नेटवर्क कार्ड) आणि दोन टार्गेटसाठी जागा असते, दोन्ही भरा. कर्नलच्या ओळीत आरडी.आयस्कझी.फर्मवेअर=१ द्या. कार्डाला ती सोय नसेल तर आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करून देणारा प्रोग्रॅम) आहेच.

बाँडिंग करू नका. दोन एनआयसी, दोन वेगळे सबनेट, दोन वेगळे स्विच, आणि वर मल्टिपाथ. जम्बो फ्रेम ९००० ठेवणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर ठेवा. एका स्विचवर १५०० राहिलं की लॉग-इन होतं, छोटी कामं होतात आणि मोठं रीड आलं की सगळं अडकतं.

टाइमआउटकडे विशेष लक्ष द्या. रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंद असतो. म्हणजे पाथ गेल्यावर दोन मिनिटं मल्टिपाथला पत्ताच नाही. मल्टिपाथ असेल तर तो ५ ते १५ सेकंदांवर आणतात. उलट रूट एकाच आयस्कझी पाथवर असेल, तर ओपन-आयस्कझीचीच शिफारस आहे की तो ८६४०० ठेवा आणि नूप पिंग (जोडणी जिवंत आहे का ते तपासणारे संदेश) बंद करा, कारण तिथे घाईने एरर वर पाठवून काही साधत नाही. या दोन शिफारसी एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत, तेव्हा कुठली कुणासाठी ते बघूनच कॉपी करा.

आणि ज्या एनआयसीवर रूट आहे ती नेटवर्क सेटिंग करताना खाली-वर करायची नाही. बसायची फांदीच ती.

---

जुनाजाणता
डीआरचं (आपत्तीत चालवायच्या दुसऱ्या साइटचं) कोणी बोललं नाही अजून. सॅनवरून बूट करणारे नेहमी सांगतात, 'लन रेप्लिकेट केला की डीआरला सर्व्हर तयार'. तयार कसला? दुसऱ्या स्टोरेजवरच्या प्रतीचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी बहुतेक वेळा वेगळा असतो. इंद्रायणींनी सांगितलेली ती फाइल तिथे जुनाच नंबर घेऊन बसलेली. ड्रिलच्या दिवशी सगळे इमर्जन्सी शेलकडे बघत.

---

पाषाणकर
बरोबर मुद्दा, पण तोडगा आहे. डीआरच्या लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी आधीच माहीत असतो. तो प्रायमरीवरच डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये घालून ठेवायचा, एलियास वापरत असाल तर दुसऱ्या नोंदीत तेच नाव द्यायचं, आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बांधायचं. मग प्रत जाईल तिकडे दोन्ही नंबर सोबत जातात. दोन्ही लन एकाच सर्व्हरला एकदम कधीच दिसता कामा नयेत, ही अट मात्र पाळायलाच हवी.

डीआरला एचबीए (फायबर चॅनेलचं कार्ड) वेगळ्या कंपनीचं असेल तर ड्रायव्हरही बघा. ड्रॅकट होस्ट-ओन्ली पद्धतीने चालू मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर भरतो. इकडे क्यूएलए२एक्सएक्सएक्स आणि तिकडे एलपीएफसी लागत असेल तर दोन्ही भरून ठेवा. रेड हॅट ९ मध्ये एलव्हीएमची डिव्हाइस यादीही असते, तिच्यात मल्टिपाथचा यूयूआयडी नोंदलेला असतो. तीही ड्रिलच्या यादीत घ्या.

---

जुनाजाणता
हे इतकं सगळं सांभाळणारा माणूस रजेवर गेला की? म्हणून म्हणतो, एम.टू.

---

पाषाणकर
एम.टू वरचं ओएस डीआरला कसं नेणार काका? तिथे दुसरं ओएस, दुसरं पॅचिंग, दुसरी कॉन्फिगरेशन. दोन्ही सारखी ठेवायला माणूस लागतोच.

---

श्टुटगार्टहून_शिरीष
इकडे आता एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सची (नेटवर्कवरून एनव्हीएमई स्टोरेज) चर्चा जास्त. तिथे सहसा डीएम-मल्टिपाथ (वर चर्चा झाली ते) नाही, कर्नलचा स्वतःचा एनव्हीएमई मल्टिपाथ असतो, ४.१५ पासून. कुठला पाथ चांगला ते स्टोरेजने सांगायच्या एएलयूए पद्धतीच्या जागी एएनए. नेटवर्कवरून बूट करायला २०२२ मध्ये एनव्हीएमई बूट स्पेसिफिकेशन आलं आणि आयबीएफटीचा धाकटा भाऊ शोभावा असा एनबीएफटी तक्ता आला. ड्रॅकटमध्ये त्याचं मॉड्यूल आहे. पण कृष्णाकाठ यांनी सांगितलेला पेच तिथेही तसाच: फर्मवेअर पहिलं वाचन कुठल्या पाथने करणार?

---

रॅकवाली
मंडळी, शनिवारची विंडो पार पडली. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय.

चारही पाथ दाखवून इन्स्टॉल केलं, इन्स्टॉलरने एकच मल्टिपाथ डिव्हाइस दाखवलं. रूटला एलियास, रूट लनला क्यू, डेटाला १२. डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइल इनिटरॅमएफएसमध्ये गेल्याची खात्री केली. मग चार बूट. पाथ बंद करायला स्विचवरून पोर्ट डिसेबल केले, कारण लिनक्समधून डिस्क ऑफलाइन केली तर फर्मवेअरला त्याचा काहीच फरक पडत नाही.

फॅब्रिक ए चे दोन्ही बूट सुरळीत. फॅब्रिक बी वरून कंट्रोलर एक, तोही सुरळीत. फॅब्रिक बी आणि कंट्रोलर दोन या जोडीला सर्व्हर वर येईना. ओएसमध्ये तो पाथ आधी व्यवस्थित दिसत होता, झोनिंग बरोबर, मास्किंग बरोबर. बूट पॉलिसी उघडली तर चौथ्या टार्गेटला तिसऱ्याचाच डब्ल्यूडब्ल्यूपीएन होता. ते टेम्प्लेट इन्स्टॉलेशनसोबत तयार आलेलं, त्यामुळे सगळ्याच ब्लेडवर तसंच गेलं होतं. टेम्प्लेट दुरुस्त केलं, पुन्हा बूट, आला.

कृष्णाकाठ, तुमचे मनापासून आभार. चालू सर्व्हरवरच्या कुठल्याही चाचणीत हे सापडलं नसतं.

एम.टू चा वाद ऑफिसात असा मिटला: हे ब्लेड सॅनवरूनच, कारण आमच्या डीआरला तेच लागतं. लॉग मात्र पहिल्या दिवसापासून बाहेरच्या लॉग सर्व्हरवर पाठवतोय. जुनाजाणता काका, हा तुमच्या मुद्द्याचा परिणाम.

---

जुनाजाणता
छान केलंत. लॉग बाहेर जात असतील तर माझी निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी केडंपची (क्रॅशच्या वेळी मेमरीची प्रत साठवण्याची). कर्नल पॅनिक सॅनच्या त्रासामुळे झाला तर डंप त्याच सॅनवर कसा लिहिणार?

---

इंद्रायणी
केडंप नेटवर्कवरून एनएफएस किंवा एसएसएचने दुसऱ्या मशीनवर पाठवा, ते सॅनवर अवलंबून राहत नाही. एसएसएच असेल तर की आधी केडंपसीटीएलने पोहोचवून ठेवा. आणि क्रॅशकर्नलला राखलेली मेमरी पुरते का ते एकदा मुद्दाम पॅनिक करून बघा. शेकडो पाथ असलेल्या मशीनवर ती कमी पडू शकते.

---

रॅकवाली
पुढच्या विंडोत हेच करते. एनएफएसची जागा मागितली आहे.

---

कृष्णाकाठ
रॅकवालीताई, एक सुचवतो. ते चार बूट नव्या ब्लेडच्या हँडओव्हर यादीत कायमचे घाला, आणि स्टोरेजचा कंट्रोलर किंवा कार्ड बदललं की पुन्हा करा. पोर्टचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन बदलले तर ओएस नवे पाथ शोधून घेते, बूट पॉलिसीत मात्र ते हातानेच भरावे लागतात.